प्रवाळाच्या टाकीवर एलईडी: पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

समुद्री टाकीत प्रवाळ पाळणाऱ्यांमध्ये गेली पंधरा-वीस वर्षे एक वाद चालू आहे आणि तो अजून पुरता मिटलेला नाही. एलईडी दिव्याखाली प्रवाळ खरोखर चांगले वाढते, की नुसते चमकते? ज्यांनी मेटल हॅलाइडच्या किंवा टी-5 ट्यूबांच्या उजेडात ॲक्रोपोरासारखी नाजूक प्रवाळे वर्षानुवर्षे सांभाळली, त्यांचा एलईडीवरचा अविश्वास आडमुठेपणातून आलेला नाही. डोळ्यांसमोर पांढऱ्या पडलेल्या फांद्यांतून आला आहे. माझे मत एलईडीच्या बाजूचे आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण समोरच्याची बाजू दुबळी करून मांडली तर उत्तराला किंमत राहत नाही. म्हणून जुन्या दिव्यांच्या बाजूने जेवढे बळकट बोलता येईल तेवढे इथे पूर्वपक्षाच्या तोंडी दिले आहे. उत्तरपक्ष माझा.

पूर्वपक्ष: घरच्या टाकीत कठीण प्रवाळे जगू शकतात हे ज्या पद्धतीने दाखवून दिले, ती 1980 च्या दशकात जर्मनीत रुजली आणि बर्लिन पद्धत म्हणून जगभर गेली. जिवंत खडक, पाण्यातली घाण फेसाने काढणारा प्रोटीन स्किमर आणि वर मेटल हॅलाइड अशी तिची मांडणी होती. 250 किंवा 400 वॅटचा दिवा पाण्यावर टांगला की टाकीच्या तळापर्यंत लख्ख उजेड पोचायचा, आणि उथळ, भरपूर ऊन असलेल्या पाण्यात राहणारी प्रवाळे त्याखाली फांद्या फोडायची. पुढे टी-5 ट्यूबा आल्या, त्यांनी तोच उजेड जास्त पसरवून दिला. मग एलईडी आले आणि तक्रारी सुरू झाल्या: टोके जळाली, रंग उडाले, वरून ठीक दिसणाऱ्या वसाहती खालच्या अंगाने मरत गेल्या. सूर्याच्या उजेडात सगळे रंग असतात. हॅलाइड त्याच्या जवळ जातो. एलईडी दोन-चार रंगांचे ठिपके एकत्र करून उजेडाचा आभास निर्माण करतो. कोट्यवधी वर्षे सूर्याखाली घडलेल्या प्राण्याला तुम्ही हे अर्धवट अन्न का देता?

उत्तरपक्ष: अन्न कोण खाते, तिथून सुरुवात करू. दिव्याचा उजेड प्रवाळ स्वतः वापरत नाही. त्याच्या पेशींमध्ये राहणारे एकपेशीय सहजीवी, ज्यांना झूझॅन्थेली म्हणतात, ते वापरतात आणि तयार केलेल्या साखरेचा मोठा वाटा यजमानाला देतात. या सहजीवींकडे हरितद्रव्य ‘अ’ आहे, हरितद्रव्य ‘सी-2’ आहे आणि पेरिडिनिन नावाचे एक केशरी-तपकिरी रंगद्रव्य आहे. पहिली दोन निळ्या-जांभळ्या उजेडात, साधारण 430 ते 460 नॅनोमीटरच्या आसपास, सर्वांत जोमाने काम करतात. पेरिडिनिन त्याच्या पुढचा, 450 ते 550 पर्यंतचा निळा-हिरवा पट्टा पकडते. हरितद्रव्य ‘अ’चे दुसरे शिखर तांबड्यात, 675 च्या जवळ आहे खरे, पण समुद्रात त्याला फारसा वाव मिळत नाही, कारण तांबडा उजेड पाणीच गिळून टाकते. शुद्ध पाण्यात 10 मीटर खाली 650 नॅनोमीटरच्या पलीकडच्या उजेडाचा शेकडा चार भागही उरत नाही. निळ्याचा बहुतांश भाग मात्र तिथे पोचतो. म्हणजे प्रवाळाच्या वाट्याला येणारा सूर्य आणि आपल्या अंगणातला सूर्य यांत फार अंतर आहे. 2014 साली नेदरलँड्समधील टिम वायजरडे आणि सहकाऱ्यांनी स्टायलोफोरा पिस्टिलाटा हे प्रवाळ निव्वळ तांबड्या, निव्वळ निळ्या आणि दोन्ही मिसळलेल्या एलईडीखाली ठेवून पाहिले. तीव्रता वाढवल्यावर निव्वळ तांबड्याखाली त्यांची प्रकृती बिघडली, सहजीवींची संख्या घटली, काही मेली. निळ्याखाली आणि मिश्र उजेडात ती टिकली. निळ्या एलईडीचा जो रंग लोकांना कृत्रिम वाटतो, तोच सहजीवींच्या कामाच्या मध्यभागी आहे.

आणि हॅलाइडचा उजेड सूर्याजवळ जातो, हेही तपासून पाहायला हवे. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातले प्राध्यापक संजय जोशी यांनी टाक्यांवरच्या हॅलाइड दिव्यांचे वर्णपट अनेक वर्षे मोजून प्रसिद्ध केले. ते आलेख पाहिले की सलग चढ-उताराऐवजी सुळके दिसतात, कारण हा उजेड पाऱ्याच्या आणि दिव्यात भरलेल्या धातूंच्या वाफेतून येतो आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीवरच प्रकाश टाकते. 20,000 केल्विनच्या निळ्या हॅलाइडमध्ये तर बहुतेक ताकद 450 च्या आसपासच्या एका शिखरात एकवटलेली असते. ट्यूबलाइटचाही वर्णपट असाच सुळक्यांचा. याउलट पांढरा एलईडी म्हणजे निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा लेप, आणि त्या लेपातून निघणारा उजेड हिरव्यापासून तांबड्यापर्यंत बराच सलग असतो. त्या निळ्या चिपसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. सलगपणा ही कसोटी मानली, तर ती हॅलाइडच्या बाजूने निकाल देत नाही.

आणखी एक गोष्ट. प्रवाळाचा ‘नैसर्गिक’ उजेड असा एकच नसतो, हे पाहायला महाराष्ट्राचा किनारा पुरतो. मालवणच्या सागरी अभयारण्यातली प्रवाळे गढूळ पाण्यात आहेत. नद्यांचा गाळ आणि पाण्यात विरघळलेले सेंद्रिय पदार्थ निळा उजेड अडवतात, आणि खाली पोचतो तो मंद, हिरवट उजेड. विजयदुर्गपासून सुमारे 105 किलोमीटर आत समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेचा माथा साधारण 20 मीटर खोल आहे, पण पाणी नितळ आहे, त्यामुळे तिथे निळे राज्य आहे. एकाच अरबी समुद्रात, एकाच राज्याच्या समोर, दोन अगदी वेगळे वर्णपट, आणि दोन्हींखाली प्रवाळ जगते. सहजीवी आपली रंगद्रव्ये उजेडाप्रमाणे कमी-जास्त करून घेतात. तेव्हा वर्णपटाच्या एखाद्या बारीक उणिवेने प्रवाळ मरते, हे मानायला सबळ पुरावा हवा.

पूर्वपक्ष: प्रयोगशाळेतले रंगद्रव्यांचे आलेख मान्य. पण फांद्या पांढऱ्या पडल्या हेही खरे आहे. वर्णपट चांगला होता, तर प्रवाळांनी सहजीवी टाकून का दिले? तुमच्या उत्तरात मेलेल्या प्रवाळांचा हिशेब कुठे आहे?

उत्तरपक्ष: हा प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते या वादाची गाठ इथेच आहे. ती प्रवाळे उजेड कमी पडून गेली असे लोकांनी धरले. बहुतेकदा ती उजेड जास्त होऊन गेली. माणसाचा डोळा 555 नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वांत तेज आहे, 450 च्या निळ्याला फार मंद. लक्स मोजणारे यंत्र डोळ्याच्याच मापाने बांधलेले असते. म्हणून हॅलाइड उतरवून निळा एलईडी लावला की खोलीला आणि मालकाला टाकी अंधारी वाटते, आणि हात बटणाकडे जाऊन टक्का वाढवतो. प्रवाळाला मात्र प्रकाशकण मोजून मिळतात, डोळ्याची पसंती त्याला कळत नाही. 400 ते 700 नॅनोमीटरमधले किती प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर पडतात, याला पार म्हणतात, आणि तो मायक्रोमोलमध्ये मोजतात. दुपारच्या उन्हात समुद्राच्या पृष्ठभागावर तो 2,000 च्या घरात असतो. टाकीतल्या मऊ प्रवाळांना 50 ते 150 पुरतो, ॲक्रोपोरासारख्यांना 200 ते 400. त्यापुढे सहजीवींचे प्रकाशसंश्लेषण संपृक्त होते. जादा ऊर्जा जिरवता येईनाशी झाली की ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, आणि प्रवाळ सहजीवींना बाहेर घालवते. पांढरी पडलेली फांदी बहुधा याची खूण असते.

‘आम्ही पार मोजून लावला होता’ असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्यावर यंत्रानेच अन्याय केला. त्या काळी हौशी लोकांच्या हाती असलेले स्वस्त सेन्सर सूर्यप्रकाश किंवा ट्यूब यांच्यासाठी जुळवलेले होते. निळ्या-जांभळ्या टोकाला आणि 650 च्या पुढच्या तांबड्याला ते कमी धरत. निळ्यात एकवटलेल्या एलईडीखाली त्यांचा आकडा खऱ्यापेक्षा खाली यायचा. पुढे याच प्रकारची यंत्रे सुमारे 389 ते 692 नॅनोमीटर समान धरणाऱ्या सेन्सरसह निघाली, तेव्हा फरक समोर आला. हॅलाइडचे एक सुख होते: तो मंद-प्रखर करता येत नसे. दिवा किती उंच टांगायचा हे एकदा ठरले की चूक करायला फारशी जागा उरत नव्हती. एलईडीने प्रत्येक रंगाचे वेगळे बटण मालकाच्या हाती दिले. त्या बटणांमागे मोजमाप नसेल, तर दोष दिव्यावर ढकलून प्रवाळ परत येत नाही.

पूर्वपक्ष: ठीक. मग सावलीचे बोला. टी-5 च्या आठ ट्यूबा टाकीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात, उजेड चोहोबाजूंनी येतो, फांद्यांच्या पोटाशीही पोचतो. एलईडीचा दिवा हातभर रुंदीचा. खाली थेट 500 चा पार, कडेला 80. वरची फांदी जळते, तिच्या सावलीतली खालची उपाशी मरते. मोजून काय करणार? जिथे मोजाल तिथे वेगळा आकडा.

उत्तरपक्ष: या आक्षेपापुढे मी बराच झुकतो. पूर्वपक्षाचा हा सर्वांत बळकट मुद्दा आहे. समुद्रात उजेड एका बिंदूतून येत नाही. लाटा तो वाकवतात, पाण्यातले कण विखुरतात, तळाची पांढरी वाळू तो खालून परत फेकते. एकच एलईडी टाकीच्या मध्यावर टांगून हे साधत नाही, आणि विक्रेत्यांनी ‘चार फुटांना एक पुरतो’ असे सांगून पुष्कळ टाक्यांचे नुकसान केले. तरी दोन गोष्टी तोलायला हव्यात. पहिली, हॅलाइडमधली उजेड देणारी विजेची कमानसुद्धा जवळजवळ बिंदूच असते. तिचा उजेड पसरवला तो दिव्याच्या मोठ्या, पत्र्याच्या रिफ्लेक्टरने. म्हणजे विस्ताराचा गुण दिव्याच्या जातीत नसून मांडणीत आहे. एका जबर एलईडीऐवजी कमी ताकदीचे तीन किंवा चार ओळीने लावले, किंवा टाकीच्या लांबीइतक्या एलईडीच्या पट्ट्या लावल्या, की सावल्या एकमेकींना पुसतात. वेगवेगळ्या रंगांचे एलईडी एकमेकांपासून लांब बसवलेले असले की वाळूवर तांबड्या-निळ्या किनारीच्या सावल्या पडतात. एकाच घोसात बसवून वर विसारक लावला की त्या जातात. काहीजण दोन टी-5 ट्यूबांच्या मध्ये एलईडी बसवतात, तेही योग्यच आहे.

दुसरी गोष्ट प्रवाळाच्या शरीराची आहे, आणि या वादात ती कमी बोलली जाते. 2005 साली मेक्सिकोतल्या सुसाना एन्रिकेझ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की प्रवाळाचा चुनखडी सांगाडा उजेडाला आतल्या आत पुन्हा पुन्हा उधळतो, आणि त्यामुळे पातळ थरात बसलेल्या सहजीवींना तोच उजेड अनेकदा भेटतो. वरून एका बाजूने पडलेला किरण ऊतीतून गेला, सांगाड्यावर आदळला आणि परत फिरला, की शेजारच्या पेशीही त्याचा वाटा घेतात. सावलीत राहिलेला सगळा भाग यामुळे वाचतो असे मी म्हणत नाही. दाट झुडपासारख्या वसाहतीच्या पोटातला भाग टी-5 खालीही मरतो. पण सावलीची भीती, सांगाडा उजेडाचे काय करतो हे न पाहताच घातली जाते.

पूर्वपक्ष: आणि ते रंग? एलईडीखाली हिरवे, नारिंगी असे पेटतात की समुद्रात कुणी पाहिले नसतील. हे आरोग्य नव्हे, दिवाळीच्या रोषणाईसारखे दिखाऊपण आहे.

उत्तरपक्ष: चकाकी आणि आरोग्य वेगळे आहेत, इथे मी तुमच्या बाजूने आहे. निव्वळ जांभळ्या-निळ्या उजेडात प्रवाळातली प्रतिदीप्त प्रथिने चमकतात आणि अर्धमेली वसाहतही तरतरीत दिसते. म्हणून विकत घेताना प्रवाळ पांढऱ्या उजेडात पाहावे, असा माझा आग्रह आहे. पण ती प्रथिने दिव्याने निर्माण केलेला भास नाहीत. उथळ पाण्यातल्या प्रवाळांत ती जादा उजेड अडवून सहजीवींना सावली देतात. डी’अँजेलो, वीडेनमान आणि सहकाऱ्यांनी 2008 साली दाखवले की प्रवाळाच्या या रंगप्रथिनांची निर्मिती निळ्या उजेडाच्या प्रमाणावर ठरते. निळा वाढला की रंग वाढतो, कारण प्रवाळ त्याला प्रखर उन्हाची वर्दी समजते. चांगल्या एलईडीखाली आठवड्यांनी गडद होत जाणारा जांभळा हा प्राण्याचा स्वतःचा प्रतिसाद आहे. बटण दाबताक्षणी दिसणारा हिरवा हा दिव्याचा. मालकाने दोन्हींत गल्लत करू नये.

रंगाहून आणि वाढीहूनही कठीण कसोटी प्रजननाची आहे. बहुतेक प्रवाळे वर्षातून एकदा, ठरावीक महिन्यात, पौर्णिमेनंतरच्या ठरावीक रात्री अंडी आणि शुक्रपेशी पाण्यात सोडतात. तापमान, दिवसाची लांबी, सूर्यास्ताची वेळ, चंद्राचे उगवणे-मावळणे, इतके सगळे जुळले तरच. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी बंद टाकीत, संगणकाने चालवलेल्या ऋतुचक्राखाली, ॲक्रोपोराच्या चार जातींना अंडी सोडायला लावले. ती पद्धत 2017 साली प्रसिद्ध झाली. 2019 च्या ऑगस्टमध्ये फ्लोरिडा ॲक्वेरियमने त्यांच्याच सहकार्याने पिलर कोरल या अटलांटिकमधल्या संकटग्रस्त जातीचे प्रजनन प्रयोगशाळेत पहिल्यांदा घडवले. तिथे सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय आणि चंद्रास्त एलईडीनेच उभे केले होते. हॅलाइड पेटायला काही मिनिटे घेतो, आणि विझल्यावर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्याला तासभर चढणारी पहाट किंवा क्षीण चांदणे दाखवता येत नाही. ज्या उजेडाखाली संकटात सापडलेली जात पुढची पिढी देते, तो त्या प्राण्याला मानवत नाही असे कसे म्हणावे?

पूर्वपक्ष: संस्थांकडे पैसा आहे. घरच्या माणसाचे काय? चांगला एलईडी हॅलाइडच्या कितीतरी पट महाग. तुम्ही वीजबचत सांगाल, पण विस्तारासाठी तीन दिवे लावले की बचत गेली. आणि तो बिघडला की फेकायचा. हॅलाइडचा चोक गल्लीतला वायरमन बदलून देतो.

उत्तरपक्ष: विजेचा हिशेब करू. 400 वॅटचा हॅलाइड चोकसह साधारण 450 वॅट ओढतो. त्याच टाकीवर विभागून लावलेले एलईडी सगळे मिळून 200 वॅट धरले, तर रोज आठ तासांना 2 युनिट वाचतात, महिन्याला 60. मुंबईत किंवा रत्नागिरीत हिशेब इथे थांबत नाही. प्रवाळाला पाणी 25 ते 27 अंशांवर लागते, आणि बाहेर एप्रिलमध्ये 33 असते. हॅलाइड आपली बरीच उष्णता अवरक्त किरणांनी सरळ पाण्यात ओततो, मग तीच उष्णता काढायला चिलर धावतो आणि पुन्हा वीज खातो. एलईडीची उष्णता वरच्या धातूच्या पंखांतून हवेत जाते. उकाड्याच्या किनाऱ्यावर हा फरक थंड युरोपपेक्षा मोठा आहे, आणि वीज गेली की टाकी तापायला जो वेळ लागतो, त्यातही तो कामी येतो. ट्यूबा दर 9 ते 12 महिन्यांनी बदलाव्या लागतात, कारण त्यांचा वर्णपट ढळतो. आणि त्या पुढे मिळणार कुठून, हाही प्रश्न आहे. पाऱ्यामुळे युरोपीय संघाने सर्वसाधारण वापराच्या टी-5 आणि टी-8 ट्यूबा 2023 च्या ऑगस्टपासून बाजारातून काढल्या. मिनामाता कराराच्या देशांनी त्याच वर्षी, 2027 पर्यंत त्यांचे उत्पादन आणि व्यापार थांबवायचे ठरवले. भारत 2018 पासून त्या कराराला बांधील आहे.

भारतातल्या हौशी माणसाने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायलाच हवी. 2001 पासून सर्व कठीण प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यातून एक तुकडा काढणे हा गुन्हा आहे, आणि तो तसाच असायला हवा. प्रखर उजेड मागणारी ॲक्रोपोरा आपल्याकडच्या घरात यावी असे मला वाटत नाही. कायदेशीर मार्गाने जे मऊ प्रवाळ पाळता येईल, त्याची उजेडाची भूक मुळातच मध्यम आहे, आणि ती भागवायला साधा, नीट पसरवलेला एलईडी भरपूर होतो. जळण्याचा धोका तिथे जास्त खरा आहे: नव्या दिव्याखाली अर्ध्याहून कमी टक्क्यांवर सुरुवात करावी आणि कित्येक आठवडे घेत चढावे.

दुरुस्तीच्या मुद्द्यावर मात्र तुमच्याशी मी भांडणार नाही. वेष्टनावर 50,000 तास लिहिलेले असतात. रोज दहा तासांनी ते तेरा वर्षांहून जास्त होतात, पण तो आकडा चिपचा असतो. खाऱ्या हवेत पंखा गंजतो, चिपला वीज पुरवणारा ड्रायव्हर जातो, वाय-फायचे सर्किट जुने होऊन ॲप चालेनासे होते, आणि शाबूत असलेल्या चिपांसकट सगळा दिवा भंगारात जातो. हे जीवशास्त्राचे अपयश नाही, पण ग्राहकाची फसवणूक नक्की आहे. ड्रायव्हर बाहेर, प्रमाणित आणि प्लगने जोडलेला हवा; पंखा पेचकसाने उघडता यायला हवा; ॲप नसले तरी दिव्यावरच्या बटणाने वेळ आणि टक्के लावता आले पाहिजेत. असे दिवे बाजारात आहेत, कमी झगमगीत आणि बरेचदा स्वस्तही. खरेदीच्या वेळी दुकानदाराला पहिला प्रश्न वर्णपटाचा न विचारता सुट्या भागांचा विचारावा, आणि उत्तर मिळाले नाही तर दिवा तिथेच ठेवावा.